खानदेशातील स्त्रीगीतपरंपरा

खानदेशातील स्त्रीगीतपरंपरा म्हणजे महाराष्ट्रातील जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांच्या परिसरात स्त्रियांनी रचलेल्या, गायिलेल्या आणि मौखिक रूपाने पुढे दिलेल्या गीतांची परंपरा होय. तीत जात्यावरच्या ओव्या, आखाजीची व कानबाईची गाणी, गुलाबाईची गाणी आणि लग्नगीते यांचा समावेश होतो. ही गीते मुख्यतः अहिराणी, लेवा गणबोली आणि मराठी यांत आढळतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या या परंपरेतून पुढे आलेल्या सर्वांत प्रसिद्ध रचनाकार होत.

प्रदेश आणि बोली

ब्रिटिश अमदानीतील खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला व त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत अहिराणी बोलली जाते. जळगावच्या पूर्वेकडील भागात लेवा गणबोलीचा वापर असून तिचे वऱ्हाडीशी साम्य आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीचा विचार भिल्ली भाषांबरोबर केला. मराठी अभ्यासक मात्र अहिराणीला बहुधा मराठीची बोली मानतात. घरातील व्यवहाराची भाषाच गीतांची भाषा असल्यामुळे बोलींतील अनेक जुने शब्द स्त्रीगीतांत टिकून राहिले आहेत.

प्रकार

जात्यावरच्या ओव्या : पहाटे दळण दळताना एक किंवा दोघी स्त्रिया या ओव्या गात. जात्याच्या फेऱ्याला धरून ओळीची लांबी आणि लय ठरे. माहेर, भाऊ, सासुरवास, लेकरे, शेती आणि पंढरीचा विठ्ठल हे त्यांचे नेहमीचे विषय होत. जे उघडपणे बोलता येत नसे ते ओवीतून बोलता येई. त्यामुळे सासरच्या तक्रारीलाही तीत जागा मिळाली.

आखाजीची गाणी : अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात आणि झोक्याच्या हेलकाव्यावर गाणी म्हटली जातात. गौराईच्या पूजेशीही या गीतांचा संबंध आहे.

कानबाईची गाणी : श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी कानबाईची स्थापना होते. या उत्सवाला ‘रोट’ असेही म्हणतात. नारळाला देवीचे रूप देऊन सजवले जाते, रात्रभर जागरण करून गाणी गायिली जातात आणि सोमवारी मिरवणुकीने विसर्जन होते. भाऊबंद एकत्र येत असल्याने एका कुळातील निरनिराळ्या पिढ्यांच्या स्त्रिया एकत्र गातात. गाणी पुढच्या पिढीकडे जाण्याचा हा एक प्रमुख मार्ग आहे.

गुलाबाईची गाणी : भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाईची, म्हणजेच भुलाबाईची, गाणी टिपऱ्यांच्या तालावर म्हणतात. शेवटी झाकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ असतो. विदर्भातील भुलाबाई आणि पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला यांच्याशी हा प्रकार जवळचा आहे.

लग्नगीते : हळद, तेलन, मांडव आणि वधूची पाठवणी या प्रसंगी स्त्रिया विधीनुसार गाणी म्हणतात. विहिणींची थट्टा करणारी गीतेही यांत येतात.

गायनाची पद्धत

या गीतांना स्वतंत्र वाद्यसाथ सहसा नसते. जात्याची घरघर, टाळ्या, टिपऱ्या आणि झोक्याची गती यांवरच ताल सांभाळला जातो. मिरवणुकीतील ढोल, सनई आणि हलगी ही वाद्ये पारंपरिकरीत्या पुरुषांच्या हाती राहिली. समूहगीतात एक जाणती स्त्री ओळ उचलते आणि इतर जणी ती झेलतात. चाली थोड्या स्वरांत फिरतात. त्यामुळे गळा तयार नसलेलीलाही सहभागी होता येते. ओळ उचलणारी स्त्री प्रसंग पाहून नावे, नाती आणि तपशील बदलते. म्हणून गाणारी आणि रचणारी यांच्यात स्पष्ट सीमारेषा आखता येत नाही.

बहिणाबाई चौधरी

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील असोदे येथे २४ ऑगस्ट १८८० रोजी झाला. विवाहानंतर त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात आल्या. तरुणपणीच त्यांना वैधव्य आले. त्या निरक्षर होत्या. घरकाम व शेतीकाम करताना त्या गाणी रचीत आणि म्हणत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही गाणी वेळोवेळी लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. जे लिहून घेतले गेले नाही ते त्यांच्याबरोबर गेले.

१९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात वसंत पवार यांच्या संगीतात त्यांच्या रचना सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात आल्या. पुढे यशवंत देव यांच्या चालींत उत्तरा केळकर यांनीही त्यांची गाणी गायिली. जळगाव येथील विद्यापीठाला २०१८ मध्ये ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असे नाव देण्यात आले.

संकलन

अमळनेर येथे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह सिद्ध केला. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी पुण्याहून महाराष्ट्रभरातील जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या असून ओवी सांगणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव नोंदवण्यावर भर आहे.

श्रेयाचा प्रश्न

लोकगीत ‘अनामिक’ मानण्याच्या प्रथेमुळे रचणाऱ्या स्त्रियांची नावे बहुधा नोंदली गेली नाहीत. बहिणाबाईंचे नाव उरले ते घरात लिहिणारा मुलगा होता म्हणून. हा प्रश्न केवळ मौखिक परंपरेपुरता मर्यादित नाही. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यवृंदाच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या ध्वनिमुद्रिकेतील एका रचनेत क्लेअर टोरी या गायिकेने शब्दांविना उत्स्फूर्त गायन केले. तिला त्यासाठी ३० पौंड मिळाले. संगीतरचनेचे श्रेय मिळाले नाही. २००४ मध्ये तिने न्यायालयात दाद मागितली आणि २००५ मधील तडजोडीनंतर सहसंगीतकार म्हणून तिचे नाव लागले. टोरीकडे पुरावा म्हणून ध्वनिमुद्रण होते. जात्यावर गाणारीकडे असे काहीच नव्हते.

सद्यःस्थिती

गावोगावी विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आल्यावर स्त्रियांचे कष्ट कमी झाले. त्याबरोबर ओवी गाण्याचा प्रसंगही संपला. त्यामुळे आज ओव्या प्रामुख्याने वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहेत. याउलट कानबाई, गुलाबाई आणि लग्नविधी हे प्रसंग चालू असल्याने त्यांची गाणी अधिक टिकून आहेत. मात्र लग्नात व मिरवणुकीत ध्वनिवर्धकावरील तयार गाण्यांचा वापर वाढला असून, सामूहिक गायनाची जागा ऐकण्याने घेतल्याचे दिसते. कॅसेट आणि त्यानंतर आंतरजालावरील चित्रफिती यांमुळे अहिराणी गाण्यांना नवा श्रोता मिळाला आहे.