रोमच्या शिशाच्या नळ्या आणि त्यांवरील नावे

घरी येणाऱ्या पाण्याच्या नळीवर मालकाचे नाव घालण्याची पद्धत प्राचीन रोममध्ये चांगलीच रुळली होती. इ.स. 100च्या सुमारास नऊ कालव्यांचे पाणी शहरात येत होते. ते हौदांत साठे आणि तिथून शिशाच्या नळ्यांनी कारंजी, स्नानगृहे आणि खासगी घरे यांना पुरवले जाई. घरी नळ मिळणे ही सम्राटाची मेहेरनजर होती. हा हक्क ठरावीक व्यक्तीला मिळे. घर विकले किंवा वारसाकडे गेले, तरी हक्क सोबत जात नसे.

नळी करण्यासाठी वितळलेले शिसे साच्यात ओतून पत्रा करत. साच्यात आधी अक्षरांचा ठसा उमटवला की पत्र्यावर उठावदार मजकूर येई. मग पत्रा दांड्याभोवती वळवून सांधा डाख देऊन बंद केला जाई. मजकुरात कुठे पाणीहक्काच्या मालकाचे नाव असे, तर कुठे सम्राटाचे, देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचे किंवा नळी बनवणाऱ्या कारागिराचे. या कारागिरांत स्त्रियांचीही नावे आढळतात.

पाण्याचे माप मात्र नळीवरील नावाने ठरत नसे. हौदाच्या भिंतीत 12 अंगुळे, म्हणजे सुमारे 22 सेंटीमीटर लांबीची कांस्याची तोटी बसवत आणि मंजूर मापाप्रमाणे तिच्यावर शिक्का मारत. शिसे सहज वाकते, ताणले जाते. कांस्याचे तोंड रुंदावणे अवघड, म्हणून ही निवड. ‘क्विनारिया’ हे मूळ माप होते, म्हणजे सव्वा अंगुळ, सुमारे 2.3 सेंटीमीटर व्यासाची नळी. तोटीपुढील पहिल्या 50 फुटांत नळी तोटीच्याच मापाची हवी, असा सिनेटचा ठराव होता.

इ.स. 97 मध्ये सम्राट नेर्वाने सेक्स्टस यूलियस फ्रोंटिनस यांना पाणीपुरवठ्याचे प्रमुख नेमले. त्यांनी आपल्या ग्रंथात या व्यवस्थेतील गैरव्यवहार सविस्तर मांडले आहेत. काही तोट्या मंजुरीपेक्षा मोठ्या होत्या, काहींवर शिक्काच नव्हता, तर काही ठिकाणी तोटी न लावता थेट नळी जोडली होती. हक्क नव्या माणसाकडे गेला की पाणीकामगार हौदाला नवे भोक पाडत आणि जुन्या भोकातून येणारे पाणी परस्पर विकत. रस्त्याखालच्या नळ्यांना चोरून छिद्रे पाडून वाटेतल्या दुकानांना पाणी दिले जाई. या चोरट्या जोडण्या उपटल्यावर बरेच शिसे हाती लागल्याची नोंद फ्रोंटिनस करतात. कालव्यांचे नकाशेही त्यांनी काढून घेतले. कुठे दरी लागते, कुठे नदी ओलांडावी लागते आणि कुठे दुरुस्तीची सतत गरज भासते, हे कार्यालयात बसून कळावे, हा त्यामागील हेतू होता.

नळ्यांवर नावे घालण्याची पद्धत प्रांतांतही पोहोचली होती. ब्रिटनमधील चेस्टर येथे मिळालेल्या नळीवर सम्राट वेस्पासियन आणि टायटस यांच्यासह प्रांताधिपती अग्रिकोलाचे नाव आहे. त्यावरील पदांच्या उल्लेखावरून ती इ.स. 79 मधील ठरते. ब्रिटनच्या प्रांताधिपतिपदावर अग्रिकोलाच्या आधी फ्रोंटिनस होते.

आधुनिक संशोधकांना या मजकुराचा मोठा उपयोग झाला. रोमजवळील आप्पिया मार्गावरचा एक विस्तीर्ण वाडा क्विंटिलियस बंधूंचा होता, हे तिथल्या नळ्यांवरील नावांवरून कळले. सम्राट कॉमोडसने या बंधूंना ठार करवले आणि वाडा ताब्यात घेतला. असे लेख हाइनरिश ड्रेसेल यांनी लॅटिन कोरीव लेखांच्या महासंग्रहाच्या 15व्या खंडात एकत्र केले. त्यांचा आधार घेताना मात्र एक सावधगिरी पाळावी लागते. नळी दूरच्या हौदापासून घरापर्यंत धावत असल्याने ती जिथे सापडली तिथेच मालकाचे घर होते, असे केवळ नावावरून ठरवता येत नाही.