ब्रह्मपुरीची टेकडी : मातींत लिहिलेला गांवाचा इतिहास

गांवाचा इतिहास म्हटला कीं बहुधा राजांचीं नांवें, लढायांचीं वर्षें आणि देवळांची बांधणी यांचीच आठवण होते. बखरकारांनीं तेवढेंच लिहून ठेविलें व शाळेच्या पुस्तकांनीं तेवढेंच उतरून घेतलें. परंतु ज्यांनीं गांव वसविलें, विटा भाजल्या, नदीचें पाणी वाहिलें, कणग्या भरल्या, त्यांची दाद कोणत्याहि बखरींत लागत नाहीं. त्यांचा इतिहास लिहिला गेला तो मातींत. फुटलेलें मडकें, कोसळलेली भिंत आणि हातून निसटलेलें नाणें हींच त्या इतिहासाचीं अक्षरें होत. कोल्हापुरांतील ब्रह्मपुरीची टेकडी हें अशा लेखनाचें एक ठळक पान आहे. आणि हें पान ज्या रीतीनें वाचलें गेलें व ज्या रीतीनें फाटलें, ती हकीकत प्रत्येक जुन्या गांवानें ध्यानांत घेण्यासारखी आहे.

आज कोल्हापूर म्हटलें म्हणजे महालक्ष्मीचें देऊळ डोळ्यांपुढें उभें राहतें व सारें शहर त्या देवळाभोंवतीं वाढलें असावें असें वाटतें. वस्तुस्थिति थोडी निराळी आहे. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा लहान वस्त्या मिळून हें गांव झालें, असें परंपरा सांगते. या सहांपैकीं ब्रह्मपुरी ही पंचगंगेच्या अगदीं कांठची. बारमाही पाणी, सुपीक काळी माती, आणि पुराच्या वेळीं माथा कोरडा राहील अशी उंच जागा. वस्तीला यापेक्षां अधिक काय हवें? पश्चिमेस सह्याद्रीचे घाट उतरले कीं कोंकणचीं बंदरें, पूर्वेस दख्खनचें पठार. अशा नाक्यावर गांव वसलें नसतें तरच नवल.

अशा ठिकाणीं टेकडी कशी वाढते, तें समजून घेणें अगत्याचें आहे. मातीचें किंवा विटांचें घर पडलें म्हणजे त्याचा सर्व मलमा कोणी उचलून नेत नाहीं. तो तेथेंच पसरून त्यावर नवें घर उभें राहतें. पिढ्यानुपिढ्या असें होत गेलें कीं जमिनीची पातळी हळूहळू वर चढते, आणि सर्वांत जुनी वस्ती सर्वांत खालीं राहते. पोथीचीं पानें वरून खालीं उलटावींत, तसे हे थर एकेक करून उलगडावे लागतात. मात्र पोथी पुन्हां बांधून ठेवतां येते. उकरलेला थर पुन्हां रचतां येत नाहीं.

ब्रह्मपुरीची पहिली खूण विद्वानांस पटली ती 1877 सालीं. त्या वर्षीं येथें जुन्या नाण्यांचा सांठा निघाला. नाण्यांच्या एका बाजूस चैत्य व वृक्ष, दुसऱ्या बाजूस प्रत्यंचा चढविलेलें धनुष्य व बाण, आणि भोंवतीं ब्राह्मी लिपींत विळिवायकुर, शिवलकुर अशीं राजांचीं नांवें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं या नाण्यांचा अभ्यास केला. हीं नांवें कोणत्याहि पुराणांत येत नाहींत. तथापि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत टॉलेमी नांवाच्या ग्रीक भूगोलकारानें हिंदुस्थानांतील राजांच्या यादींत ‘बलिओकुरोस’ असें एक नांव दिलें आहे, व तें या विळिवायकुराचेंच असावें असें अनेक विद्वानांनीं मानलें. त्याच सुमारास शहरांतील एका बौद्ध स्तूपाच्या उंचवट्यांतून दगडी पेटी निघाली. तिच्यांत स्फटिकाचा करंडक होता व झांकणावर बम्ह नांवाच्या दात्याचें आणि धमगुत नांवाच्या कर्त्याचें नांव कोरलेलें होतें. ज्या काळीं या गांवास देवीचें क्षेत्र म्हणून कोणी ओळखत नव्हतें, त्या काळींहि येथें दान देणारा गृहस्थ होता आणि तें काम तडीस नेणारा माणूसहि होता.

खरा उलगडा पुढें 1944-45 सालीं झाला. आणि तोहि संशोधनासाठीं म्हणून नव्हे. घरें बांधण्यासाठीं टेकडी सपाट करण्याचें काम चाललें असतां जुन्या वस्तु वर येऊं लागल्या. राजाराम कॉलेजांतील प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनीं त्यांची वेळींच दखल घेतली. एका विटांच्या घराच्या अवशेषांत कांशाच्या वस्तूंचा मोठा सांठाच मिळाला. घागरी, झारे, आरसे यांच्या जोडीला हत्तीवर बसलेल्या स्वारांचा एक सुंदर पुतळा त्यांत होता. आणि वीतभरहि उंच नसलेली एका दाढीवाल्या देवाची मूर्ति होती. ही मूर्ति ना विष्णूची, ना शिवाची. ती होती ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची. रोमन साम्राज्यांत घडलेली ही मूर्ति समुद्र ओलांडून, घाट चढून, पंचगंगेकांठच्या एका घरांत येऊन राहिली होती.

यानंतर 1945-46 सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रीय पद्धतीनें उत्खनन केलें. त्याचा वृत्तांत 1952 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. खालच्या थरांत सातवाहनकालीन विटांचीं घरें, नाणीं, मणी व मडकीं मिळालीं. वरच्या थरांत बहमनी काळची वस्ती लागली, व तीबरोबर रंगीबेरंगी कांचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. बहमनी राज्य 1347 सालीं स्थापन झालें. म्हणजे एकाच टेकडीच्या पोटांत सुमारें हजार-बाराशें वर्षांच्या अंतरानें नांदलेले दोन संसार एकावर एक रचलेले होते. एकाच्या घरीं परदेशचा आरसा, दुसऱ्याच्या घरीं सुवासिनीच्या हातची कांकणें. राजे बदलले, भाषा बदलली, देवहि बदलले. पाण्याची वाट मात्र तीच राहिली.

या शोधानें एक मोठा समज खोटा पाडला. खेडें म्हणजे जगापासून तुटलेलें, स्वतःपुरतें जगणारें ठिकाण, असें पुष्कळदां सांगितलें जातें. ब्रह्मपुरीच्या घरांनीं त्याला उत्तर दिलें. दख्खनचा माल घाटमार्गानें कोंकणच्या बंदरांत उतरे, तेथून तो तांबड्या समुद्राकडे जाई, आणि मोबदल्यांत आलेल्या वस्तु उलट वाटेनें वर येत. समुद्रदेवाची ती मूर्ति कोणा व्यापाऱ्यानें नवलाची वस्तु म्हणून घेतली असेल, वा कोणी घरच्या देवांत ठेविली असेल. परंतु ती ज्या घरांत होती, त्या घराला जगाची ओळख होती एवढें निश्चित.

पुढें गांवाचा मध्य नदीकांठाहून देवीच्या देवळाकडे सरकला. शिलाहार राजे आपणांस महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले म्हणवून घेत. त्यांच्या शिलालेखांत या गांवाचें नांव ‘क्षुल्लकपुर’ असें येतें. 1212 च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवानें शिलाहार भोज दुसरा याचा पराभव केला व हा प्रदेश यादवांकडे गेला. मराठेशाहींत 1782 सालीं करवीर छत्रपतींची राजधानी पन्हाळ्याहून येथें आली, आणि मग गांवाचें शहर होण्यास विलंब लागला नाहीं. त्या वाढीखालीं जुन्या सहा वस्त्या एकमेकींत मिसळून गेल्या.

या ठिकाणीं एका इंग्रजी खेड्याची आठवण येते. यॉर्कशायर परगण्यांत व्हॅरम पर्सी नांवाचें एक गांव होतें. इसवी सन 1500 च्या सुमारास जमीनदारांनीं शेतीऐवजीं मेंढ्या पाळण्यास प्रारंभ केला व गांव ओस पडलें. उरलें तें पडकें चर्च आणि गवताखालचे उंचवटे. मॉरिस बेरेस्फर्ड या इतिहासकारानें व जॉन हर्स्ट या पुरातत्त्वज्ञानें 1950 पासून 1990 पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, दर उन्हाळ्यांत तेथें संथपणें उत्खनन चालविलें. शेतकऱ्यांचीं घरें कितीदां पडलीं व कितीदां बांधलीं, हें त्यांनीं थराथरानें वाचलें. तें गांव मेलें होतें, म्हणून त्याचा इतिहास निवांतपणें वाचतां आला. कोल्हापूर जिवंत आहे, आणि हेंच त्याचें भाग्य व हीच त्याची अडचण. जिवंत गांव रोज नवें घर मागतें, आणि नवें घर जुन्याचा पाया खणल्याशिवाय उभें राहत नाहीं.

ब्रह्मपुरीवर आज दाट वस्ती आहे. ज्या कुदळीनें तो सांठा उघडकीस आणला, त्याच कुदळीनें टेकडीचे कितीतरी थर न वाचतांच उधळून लावले. हा दोष कोणा एकाचा नव्हे. डोक्यावर छप्पर हवें असलेल्या माणसाला थांब म्हणणें अन्यायाचेंच होय. परंतु जें थांबवितां येत नाहीं, तें पाहून तरी ठेवतां येतें. कुंदणगारांनीं काम थांबविलें म्हणून नव्हे, तर निघालेल्या वस्तूंकडे ते डोळसपणें पाहत होते म्हणून पोसायडनची मूर्ति मोडींत गेली नाहीं. ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळते.

हल्लीं पाया हातानें खणला जात नाहीं. यंत्राचा दांता एका घासांत हजार वर्षें उचलतो आणि मालगाडींतून गांवाबाहेर नेऊन टाकतो. अशा वेळीं मोठाल्या जुन्या विटा, खापऱ्यांचा थर वा एखादें नाणें दृष्टीस पडलें, तर तें जागच्या जागीं राहूं देऊन संग्रहालयास वा पुरातत्त्व खात्यास कळविणें, एवढें घरमालकाच्या हातीं आहे. 1878 च्या निधि-कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास तें कलेक्टरास कळविणें बंधनकारकच आहे. पण किंमतीचा प्रश्न येथें गौण होय. जागेवरून हललेली वस्तु मुकी होते. ती कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं पडली होती, हें सांगणारी मातीच तिची वाचा असते.

कोल्हापूरच्या जुन्या भागांत पायाखालीं काय आहे, हें पुढचा पाया खणला जाईल तेव्हांच कळेल. त्या वेळीं खड्ड्याच्या कांठीं एखादा पाहणारा उभा असला, म्हणजे गांवाचें आणखी एक पान वाचलें जाईल. नसला, तर तें पान कधीं होतें याचीहि खूण उरणार नाहीं.