अमेरिकेत खटला भरायचा की नाही, हे कोण ठरवतं?

अमेरिकेत फेडरल म्हणजे केंद्रीय कायद्याखाली खटला भरायचा का, कोणते आरोप ठेवायचे, आरोपीशी तडजोड करायची का, हे सरकारी वकील ठरवतात. पुरावा असला तरी खटला भरलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. पण या अधिकाराला मर्यादा आहेत.

मर्यादा कोणत्या?

• गंभीर गुन्ह्यात ग्रँड ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं मंडळ, आरोपांना मंजुरी देतं. आरोपी हा हक्क सोडू शकतो.

• वंश किंवा धर्म पाहून कुणावर खटला भरता येत नाही. मात्र हे सिद्ध करणं अवघड आहे. तशाच प्रकरणात दुसऱ्या वंशाच्या लोकांना सोडल्याचा काहीतरी पुरावा दिल्याशिवाय आरोपीला सरकारी कागदपत्रंही मागता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये आर्मस्ट्राँग खटल्यात सांगितलं.

• आरोपीनं अपील केलं म्हणून सूडापोटी आरोप वाढवता येत नाहीत.

• दाखल खटला मागे घ्यायला न्यायालयाची परवानगी लागते.

प्रत्यक्षात काय होतं?

न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा खटला २०२५ मध्ये न्याय विभागाला मागे घ्यायचा होता, पण पुन्हा भरण्याची मुभा ठेवून. न्यायाधीश डेल हो यांनी खटला रद्द केला आणि ती मुभा नाकारली. सरकारला खटला चालवायला भाग पाडता येत नाही, हेही त्यांनी मान्य केलं. थोडक्यात, न्यायालय सरकारी वकिलाचा हात धरू शकतं. त्याला खटला चालवायला लावू शकत नाही.