दिवाळीनंतरची हजेरी

आमच्या प्राथमिक शाळेत बाकं नव्हती, बसकरपट्ट्या होत्या. एका पट्टीवर आम्ही चौघं बसायचो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की त्यावर दोघंच उरायचो. बाकीचे दोघं आईवडिलांबरोबर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर गेलेले असायचे. गुरुजी हजेरी घेताना त्यांची नावं आली की मागून कुणीतरी ओरडायचं, "जगायला गेला, गुरुजी!" जव्हार-मोखाड्यात कामासाठी गाव सोडण्याला असंच म्हणतात. गुरुजी रजिस्टरात गैरहजेरी मांडायचे आणि पुढचं नाव घ्यायचे.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. मागच्या ७ नोव्हेंबरला आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विद्यार्थी दिवसाच्या शुभेच्छा टाकल्या. मीही एक हात जोडलेला इमोजी टाकला. मग हा दिवस नेमका कशाचा, ते वाचत बसलो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. तिथल्या जुन्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर ते नाव आहे. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने ही तारीख विद्यार्थी दिवस म्हणून साजरी करायचं ठरवलं. शाळांमध्ये त्या दिवशी भाषणं, निबंध, वक्तृत्व स्पर्धा होतात.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. जयंती आणि पुण्यतिथीचे दिवस आपल्याकडे खूप आहेत. हा दिवस मात्र एका मुलाच्या शाळाप्रवेशाचा आहे. पण प्रवेशानंतर काय झालं? बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलंय. वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा, संध्याकाळी परत न्यायचा. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर तहानलेलंच राहायचं. रजिस्टरात नाव होतं, वर्गात जागा नव्हती.

ते वाचताना मला आमची बसकरपट्टी आठवली. या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत, हे मला कळतं. तिथे अस्पृश्यता होती. आमच्याकडे डोंगरउतारावरची भात-नागली-वरईची पावसावरची शेती आहे. पीक निघालं की गावात काम उरत नाही. भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं घर निघतं. कारणं वेगळी असली तरी नाव आत आणि मूल बाहेर, हे चित्र दोन्हीकडे आहे.

त्यात कॅलेंडरची गंमत बघा. २०१८ साली ७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. हा दिवस अनेकदा दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि आमच्या तालुक्यांत घरं रिकामी व्हायला लागतात तीही तेव्हाच. शाळेत येण्याचा दिवस आणि शाळा सुटण्याचा हंगाम एकत्र येतात.

यावर उपाय कुणी शोधलाच नाही असं नाही. आमच्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. पुढे १९९०च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची झोपडी. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. दाखला हातात नाही म्हणून कुठलीही सरकारी शाळा आता मुलाला परत पाठवू शकत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही निघालं.

म्हणून वाटतं, आमच्याकडच्या शाळांनी विद्यार्थी दिवस दिवाळीआधीच करावा. भाषणं कमी असली तरी चालतील. कोण कुठल्या भट्टीवर जाणार ते त्या दिवशी विचारावं, कार्ड हातात द्यावं, आईवडिलांचा नंबर लिहून घ्यावा. सुट्टीनंतर मागे राहिलेल्या मुलांनी एकदा तरी फोन करावा. मूल परत आलं की त्याची जागा त्याला मिळावी.

कारण आमच्या वर्गात ते झालं नाही. ते दोघं होळीला गावात दिसायचे, शाळेत मात्र थेट जूनमध्ये यायचे. दारात उभं राहून आधी पट्टीकडे बघायचे. तोवर तिथे दुसरं कुणी बसलेलं असायचं. मग ते भिंतीला टेकून मागे बसायचे. तिकडे काय केलंस, असं त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. चौथीनंतर ते आलेच नाहीत.

त्या रात्री मी ग्रुपमधली नावं वरपासून खालपर्यंत वाचली. दोघांचीही नव्हती. मग गावातल्या चुलतभावाला मेसेज केला: त्यांचे नंबर मिळतील का? त्याचं उत्तर आलं, "दोघंही जगायला गेलेत. होळीला येतील तेव्हा विचारतो."