घड्याळ, रक्त आणि श्वास

मद्य घेतल्यावर वैमानिकाने किती वेळ विमानापासून दूर राहावे, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो. पण जुन्या प्रकरणांचे तपशील एकापाठोपाठ एक वाचत गेल्यावर मला त्यामागे दुसराच प्रश्न दिसू लागला. समोरचा माणूस प्यायलेला आहे हे ज्याला कळते, त्याच्या हातात नेमके काय असते?

३ जानेवारी १९६१ रोजी फिनलंडमध्ये एअरो कंपनीचे डीसी-३ विमान वासा शहराजवळ कोसळले आणि त्यातील सर्व २५ जण मरण पावले. दोन्ही वैमानिक आदल्या रात्री उशिरापर्यंत पीत बसले होते. कॅप्टनच्या रक्तात मद्याचे प्रमाण हजारी दोन, तर सहवैमानिकाच्या रक्तात दीड निघाले. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात अनुक्रमे सुमारे २०० आणि १५० मिलिग्रॅम. त्या देशाच्या भूमीवर याहून भीषण विमान अपघात आजवर झालेला नाही.

अमेरिकेने १९७० साली नियम केला: शेवटचा घोट आणि उड्डाण यांत किमान आठ तासांचे अंतर हवे. नियम सोपा होता, पण त्याचा हिशेब कच्चा होता. सर्वसाधारण माणसाचे शरीर ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या वेगानेच रक्तातले मद्य कमी करते. कॉफी किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने तो वेग वाढत नाही. आठ तासांत फार तर १२० मिलिग्रॅम उतरणार. दोन पेल्यांवर थांबणाऱ्याला हे अंतर पुरते. ज्याला थांबता येत नाही, त्याला पुरत नाही. शिवाय तास मोजायचे कोणी? तर पिणाऱ्यानेच.

१३ जानेवारी १९७७ रोजी अलास्कातील अँकरेज येथे हे उघड झाले. जपान एअरलाइन्सचे मालवाहू डीसी-८ विमान गुरे घेऊन टोकियोला निघाले आणि उड्डाणानंतर लगेच कोसळले. तीन वैमानिक-कर्मचारी आणि गुरांसोबतचे दोघे, असे पाचही जण गेले. अमेरिकन कॅप्टनच्या रक्तात २९८ मिलिग्रॅम मद्य सापडले. एवढे मद्य ४० मिलिग्रॅमवर यायला सतरा तास लागले असते. विमानाच्या अंगावर साचलेला बर्फही अपघाताला कारणीभूत होता, असे अहवाल सांगतो. पण मला थांबवले ते दुसऱ्या नोंदीने. त्यांना विमानतळावर सोडणाऱ्या टॅक्सीचालकाला कॅप्टनची अवस्था खटकली. त्याने आपल्या कार्यालयाला कळवले, कार्यालयाने विमानतळावर देखभालीचे काम पाहणाऱ्या कंपनीला. तिथल्या माणसाला वाटले, काही वावगे असेल तर विमान कंपनीच्या लक्षात येईलच. निरोप तिथेच विरला. कॅप्टनला न रोखणाऱ्या सहकाऱ्यांवरही अहवालाने बोट ठेवले आहे. पण कॅप्टनला अडवणे कनिष्ठांना सोपे नसते, हे उतरंडीत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

घड्याळ पुरेसे नाही हे पटल्यावर १९८५ साली अमेरिकेने रक्तातील प्रमाणाची मर्यादा आणली: ०.०४ टक्के, म्हणजेच ४० मिलिग्रॅम. तरीही ८ मार्च १९९० रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७२७ फार्गोहून मिनियापोलिसला गेले, ते तिघा प्यायलेल्या वैमानिक-कर्मचाऱ्यांच्या हाती. आदल्या रात्री बारमध्ये त्यांना पाहणाऱ्या एकाने सरकारी यंत्रणेला सावध केले होते. विमान सुखरूप उतरल्यावर तिघांना अटक झाली. कॅप्टन लाइल प्राउझच्या रक्तात १३० मिलिग्रॅम मद्य होते; त्याला १६ महिन्यांची आणि इतर दोघांना १२ महिन्यांची शिक्षा झाली.

ब्रिटनने २००३ च्या कायद्याने ही मर्यादा २० मिलिग्रॅमवर आणली. त्याचा उपयोग दिसला तो २८ ऑक्टोबर २०१८ रोजी, हीथ्रो विमानतळावर. जपान एअरलाइन्सचाच एक सहवैमानिक कंपनीच्या तपासणीतून निसटला होता. पण कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या बसच्या चालकाला वास आला. त्याने कळवले, पोलीस आले, चाचणीत १८९ मिलिग्रॅम निघाले. सहवैमानिक उड्डाणाऐवजी तुरुंगात गेला, दहा महिन्यांसाठी. अँकरेजच्या टॅक्सीचालकाला आणि लंडनच्या बसचालकाला जाणवले ते एकच. एकाच्या शब्दामागे कोणी उभे राहिले नाही, दुसऱ्याच्या शब्दामागे कायदा होता. एकेचाळीस वर्षांची प्रगती मोजायची तर ती या फरकाने मोजावी, असे मला वाटते.

भारताने वास येण्याची वाटच पाहिली नाही. आपल्या विमान नियमावलीत अंतर आठ नव्हे, बारा तासांचे आहे, आणि श्वासचाचणीत शून्याखेरीज कोणताही आकडा चालत नाही. पहिल्यांदा दोषी आढळल्यास तीन महिने निलंबन, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा परवाना रद्द. यंत्रापुढे कॅप्टन आणि कनिष्ठ सारखेच, हा याचा मोठा गुण. सहकाऱ्याला चहाडीचे ओझे वाहावे लागत नाही.

मात्र यंत्र त्या सकाळचा श्वास मोजते, वर्षानुवर्षांचे व्यसन मोजत नाही. अमेरिकेत १९७४ पासून व्यसनी वैमानिकांवर उपचार करून, देखरेखीखाली त्यांना कामावर परत आणणारी व्यवस्था आहे. प्राउझ व्यसनमुक्त झाला, त्याच कंपनीत परतला, बोइंग ७४७ चा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला माफी दिली. ही माफी वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पण परतीची वाट मुळीच नसेल, तर आजार लपवणे हाच शहाणपणा ठरतो; आणि लपवलेला आजार एखाद्या पहाटे कॉकपिटमध्ये जाऊन बसतो. शिक्षेची भीती आणि उपचाराची खात्री या दोन्ही गोष्टी एकाच नियमावलीत असाव्या लागतात. पहिलीची तरतूद आपण चोख केली आहे. दुसरीवर तेवढ्याच चोखपणे बोलायला हवे.