मावळच्या वाटेवरची नावे

पावसाळा लागला की पुण्या-मुंबईची माणसे लोणावळ्याला लोटतात. भुशीच्या धरणावर भिजायचे, भजी खायची आणि येताना चिक्कीचा पुडा घ्यायचा. खुशाल करावे. पण गुरुजी, तुम्ही मुलांची सहल घेऊन याल, तेव्हा आधी कारल्याचा डोंगर चढा.

आता एवढी लेणी इथेच का, असे मुले विचारतीलच. त्यांना खाली घाटाकडे बोट करून दाखवा. कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने देशावर येई. जिथे व्यापारी मुक्कामाला, तिथे भिक्षू वर्षावासाला. कारले, भाजे, बेडसे ही लेणी या रहदारीच्या आश्रयाने दोन हजार वर्षांपूर्वी उभी राहिली. कारल्याच्या लेखांत ‘मामाल’ असे नाव येते. तेच आपले मावळ, असे अभ्यासक मानतात.

कारल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब आणि सुमारे ४५ फूट उंच आहे. एवढा मोठा खोदीव चैत्य भारतात दुसरा नाही. छताला लाकडाच्या कमानी आहेत बरं का, आणि त्या जुन्याच आहेत. पण मान वर करून पाहून झाले, की मुलांना खांबांजवळ न्या. तिथे ब्राह्मी लिपीत नावे कोरली आहेत. राजांची म्हणाल तर नहपानाचा जावई उषवदात आहे; त्याने भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचा गाव दिला. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातले बनवासी. हे शैलगृह आपण पुरे केले आणि साऱ्या जंबुद्वीपात याच्या तोडीचे नाही, असे तो बिनदिक्कत सांगतो. माणूस बढाईखोर खरा, पण इथे त्याचे फारसे चुकलेले नाही.

मला मात्र त्याच्याहून धेनुकाकटाची माणसे जवळची वाटतात. सिंहदत्त हा सुगंधी द्रव्ये विकणारा गंधिक. त्याने दाराचे दान दिले. सामी हा सुतार. दार आपण केले असे तो लिहून ठेवतो. काही खांब यवनांनी दिले आहेत, आणि त्या यवनांची नावे सिंहध्वज, धर्म अशी इथल्या मातीतली! एकाच चैत्यात सुतार, श्रेष्ठी आणि परदेशी यांची नावे जवळजवळ कोरलेली आहेत. चैत्याच्या दाराशीच एकवीरा आईचे देऊळ आहे. चैत्रात कोकणपट्टीचे कोळी बांधव पालख्या घेऊन येतात. म्हणजे कोकणातून वर येणारी ही वाट अजून वाहतीच आहे.

समोर भाज्याला १४ स्तूपांचा समूह आहे, आणि त्यांतल्या काहींवर थेरांची नावे आहेत. बेडशाला नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे दान आहे. भाज्याच्या डोक्यावर विसापूर, शेजारी लोहगड. घाटावर नजर ठेवायची तर हे दोन गड हाती हवेत. शिवाजी महाराजांनी लोहगड १६६५ च्या पुरंदर तहात दिला, तो १६७० साली परत घेतला. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी हे दोन्ही गड जिंकले. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या १२ मराठा किल्ल्यांत लोहगड आहे. गडावर चढलात तर विंचूकाट्यापर्यंत जाच, पण मुलांचे हात धरून.

आता घाटाकडे वळा. बोरघाटातली आगगाडीची वाट १८५६ ते १८६३ या काळात झाली. चढण ३७ फुटांस १ फूट, आणि बोगदे २५. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. पुढचे काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने आपल्या ठेक्यात चालविले. १८६१ च्या जानेवारीत कामावर ४२ हजार माणसे होती. पटकी, ताप, सुरुंग, कडेलोट यांनी माणसे मेली, ती किती? काही अभ्यासक हा आकडा २५ हजारांपर्यंत नेतात.

मुंबई-पुण्याची गाडी बोगद्यात शिरली की डब्यातली मुले ओरडतात. त्यांना विचारा, कारल्याच्या दारावर सुताराचे नाव आहे. या बोगद्यांवर कुणाचे आहे? ठेकेदाराचे नाव कागदोपत्री सापडते, इंजिनियर बर्कले याचेही सापडते. सुरुंगाला बत्ती देणाऱ्याचे, पाटी वाहणाऱ्या बाईचे सापडत नाही. आणि लेण्यांत जाऊन खडूने, खिळ्याने आपले नाव ओरबाडणारे आजचे पाहुणे मात्र पुष्कळ. तुमच्या वर्गातले कुणी तसे करू लागले, तर रागे भरण्याआधी त्याला सामीचे नाव दाखवा आणि त्याने आधी काय केले होते ते सांगा.

एक नाव मात्र लोकांनी आपले आपण जपले आहे. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा हा धनगर. घाटाची वाट यानेच इंग्रजांना दाखविली आणि बक्षीस म्हणून मरण मिळविले, असे लोक सांगतात. कुठल्या दप्तरात हे लिहिलेले नसेल. पण जुन्या रस्त्याने घाट चढणारे कितीतरी गाडीवाले आजही तिथे क्षणभर थांबतात, नाणे ठेवतात आणि मगच पुढचे वळण घेतात.