पटकथेची लेखनरूढी आणि तिची संगणकीय रूपे

पटकथालेखनास आरंभ करणारा विद्यार्थी बहुधा प्रथम विचारतो, तो प्रश्न कोणती संगणक-प्रणाली वापरावी, हा असतो. वस्तुतः लिहिलेली संहिता कोणत्या रूपात साठविली जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. या रूपांचा इतिहास पाहिला असता त्यांच्या मुळाशी रोमन लिपीचे काही गुणधर्म गृहीत धरलेले दिसतात. आणि मराठी लेखकाची अडचण तेथूनच उद्भवते.

अमेरिकन पटकथेची मांडणी टंकलेखनयंत्रावर स्थिरावली. त्या यंत्रावर सर्व अक्षरांची रुंदी समान असे. डावीकडे सोडलेली जागा आणि मोठ्या लिपीतील अक्षरे, एवढ्या दोन साधनांनी दृश्यशीर्षक, वर्णन, पात्रनाम व संवाद हे घटक परस्परांपासून वेगळे ओळखता येत. एक पृष्ठ म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, हा स्थूल अडाखाही याच समरूप मांडणीवर आधारलेला आहे.

संगणकाने प्रथम या मांडणीचे श्रम तेवढे हलके केले. स्टीफन ग्रीनफील्ड व ख्रिस हंटली यांच्या ‘स्क्रिप्टर’ या प्रणालीस १९९४ सालच्या अकादमी पुरस्कारांत तांत्रिक पारितोषिक मिळाले, ते याच कार्यासाठी. पुढे ‘फायनल ड्राफ्ट’ने व्यवसायात मान्यता मिळविली; परंतु तिच्या जुन्या फाइली त्या प्रणालीवाचून उलगडत नसत. २००९ साली आठव्या आवृत्तीबरोबर ‘एफडीएक्स’ हे एक्सएमएलवर आधारलेले रूप आले. त्यात प्रत्येक परिच्छेदास त्याच्या प्रकाराचे नाव जोडलेले असते; त्यामुळे घटकाची ओळख दृश्य मांडणीवर अवलंबून राहत नाही.

२०१२ साली जॉन ऑगस्ट, स्टू मॅश्विट्झ प्रभृतींनी पुढे आणलेले ‘फाउंटन’ याहून साधे आहे. ते केवळ अक्षरमजकूर असल्यामुळे कोणत्याही संपादकात उघडते. मात्र त्याचे नियम टंकलेखनाच्या रूढीवरून घेतलेले आहेत: रिकाम्या ओळीनंतर संपूर्ण मोठ्या अक्षरांत लिहिलेली व लगेच खाली मजकूर असलेली ओळ पात्रनाम समजावी, असा त्यातील एक नियम आहे. देवनागरीत मोठ्या-लहान अक्षरांचा भेदच नाही. तेव्हा मराठी ओळीस ही कसोटी लावता येत नाही. सुदैवाने फाउंटनमध्ये पात्रनामापूर्वी ‘@’ आणि दृश्यशीर्षकापूर्वी पूर्णविराम देऊन घटक स्पष्टपणे सांगण्याची सोय आहे. इंग्रजी लेखकास क्वचित लागणारी ही चिन्हे मराठी लेखकास पदोपदी आवश्यक ठरतात.

दुसरी अडचण वर्णसंकेतांची. १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तथापि त्यानंतरही दीर्घकाळ रोमन वर्णांच्या जागी देवनागरी आकार बसविलेल्या फॉन्टांत मराठी मजकूर लिहिला जात असे. असा फॉन्ट उपलब्ध नसल्यास संवादाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. अशा फाइलीत घटकाचे नाव टिकले, तरी मूळ संवाद वाचकापर्यंत पोहोचत नाही.

नवोदिताने यावरून इतकेच ध्यानी धरावे: मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, वाचनासाठी पीडीएफ द्यावी, परंतु ती केवळ पृष्ठाचे दृश्य रूप जपण्यासाठी असल्याने मूळ प्रत म्हणून तिच्यावर विसंबू नये, आणि घटकांची ओळख राखणारी एक एफडीएक्स वा फाउंटन प्रत अवश्य जतन करावी. उद्याच्या अभ्यासकास मराठी पटकथांतील संवादभाषेचा विचार करावयाचा झाल्यास त्याची सामग्री याच प्रतींतून मिळणार आहे.